दुखतंय म्हणजे नक्की कसं दुखतंय? डॉक्टरांना सांगायची पद्धत

दवाखान्यात आपण बहुतेक सगळे एकच वाक्य बोलतो, "डॉक्टर, इथे दुखतंय." डॉक्टर विचारतात कसं दुखतंय, आणि आपण पुन्हा तेच, "म्हणजे असं दुखतंच." ससूनची ओपीडी असो नाहीतर सिंहगड रोडवरचा कोपऱ्यावरचा दवाखाना, बाहेर बाकड्यावर लोक ताटकळत बसलेले असतात, आपल्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात आणि त्यातली निम्मी ह्या प्रश्नोत्तरात जातात. मला हे खरंच लागतं, कारण मराठीत दुखण्याला इतके बारीक बारीक शब्द आहेत, आपल्या आज्या-मावश्या ते रोज वापरतात, आणि केसपेपरवर पोचेपर्यंत त्या सगळ्याचं "पेन" होऊन जातं.

घरातल्या आणि शेजारच्या मोठ्या माणसांना दवाखान्यात न्यायचं काम बरेचदा माझ्याकडे असतं, त्यात जे कळत गेलं ते इथे लिहितेय. कुठलं औषध घ्यायचं ते ह्यात नाहीये, ते डॉक्टर बघतील. आपण फक्त शरीरात जे चाललंय ते न बदलता त्यांच्यापर्यंत न्यायचं.

आजाराचं नाव घेऊन जाऊ नका

"गॅस झालाय", "पित्त झालंय", "बीपी वाढलंय वाटतं", "नस दबलीये". हा आपण घरीच लावलेला निकाल असतो, त्यात जाणवलेलं काहीच नसतं. पित्ताचंच बघा ना, एका घरात पित्त म्हणजे छातीत जळजळ आणि आंबट पाणी घशाशी येणं, दुसऱ्या घरात पित्त म्हणजे अर्धं डोकं दुखून शेवटी उलटी होणं, आणि तिसऱ्या घरात अंगावर पित्त उठणं म्हणजे खाजणाऱ्या गांधी. तीन वेगळ्याच गोष्टी, नाव एक. म्हणून आजी "पित्त झालंय गं" म्हणाली की तिला खोडायचं नाही, एवढंच विचारायचं, "पित्त झालं की काय काय होतं गं तुला?" मग ती आपणहून सांगते, तोंडाला पाणी सुटतं, डोकं भणभणतं, उजेड नको वाटतो. हे शब्द घेऊन जायचे.

तरुण पोरांचं वेगळंच, त्यांना "वीअर्ड फील होतंय", "अनकम्फर्टेबल वाटतंय", "लो वाटतंय" ह्याच्या पुढे जाता येत नाही. त्यांना अंगावर बोट ठेवायला लावायचं, कुठे वीअर्ड, डोक्यात का छातीत का पोटात, बसल्यावर का चालताना, मग शब्द आपोआप निघतो.

पहिला शब्द तसाच ठेवा

शरीराला जे जसं जाणवलं तसाच शब्द तोंडात येतो, आणि हे मराठीत कानाला ऐकू येतं. जे दुखणं चालू राहतं, लाटेसारखं परत परत येतं, त्याचा शब्दसुद्धा स्वतःला परत परत म्हणतो, ठसठसतंय, जळजळतंय, चुरचुरतंय, खवखवतंय, मळमळतंय, धडधडतंय. आणि जे एका झटक्यात येऊन जातं ते सणकन जातं, चमक भरते, टचकन टोचतं. त्यामुळे "दुखतंय" असं ऐकलं की पहिला प्रश्न हाच, सारखं ठसठसतंय का मध्येच सणक जातीये? डॉक्टरांना जे हवं असतं त्यातलं बरंचसं इथेच मिळून जातं.

ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्यासारखा, एकेक ठोका जाणवणारा. दाढ ठणकते, गळू ठणकतं, नखुरडं झालं की बोट रात्रभर ठणकतं. जिथे सूज आहे, पू धरलाय, तिथे हा शब्द हमखास येतो. कळ वेगळी, कळ चढत जाते, शिगेला पोचते, ओसरते आणि थोड्या वेळाने परत येते, कारण आतडं किंवा मूत्रनलिका किंवा गर्भाशय असं पोकळ काहीतरी आवळतंय आणि सैल पडतंय. बाळंतपणाच्या कळा आपण म्हणतो, ठणके म्हणत नाही, ते उगाच नाही. मुतखड्याच्या कळेत माणूस एका जागी पडूच शकत नाही, गादीवर लोळतो, उठतो, येरझाऱ्या घालतो.

ह्याच्या उलट पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आली असेल तर माणूस हलायलाच तयार नसतो. इथे एक प्रश्न फार कामाचा आहे, "येताना रिक्षात स्पीडब्रेकरला दुखलं का?" पुण्यात तर प्रत्येकाच्या वाटेत स्पीडब्रेकर आहेत. हे मी मनचं सांगत नाहीये, ब्रिटनमधल्या सर्जननी २०१२ साली ह्याचा अभ्यास छापला होता आणि ज्यांना खरोखर अपेंडिक्सचा त्रास निघाला त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना गाडी उंचवट्यावरून जाताना पोटात दुखलं होतं. दुखलं म्हणजे अपेंडिक्सच असं नाही, पण दुखलं असेल तर सांगाच. आणि दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन नंतर उजवीकडे खाली सरकलं असेल तर तेही सांगा, "आधी कुठे होतं, आता कुठे आहे" हा प्रश्न आपण विचारायलाच विसरतो.

चमक आणि उसण हालचालीला बांधलेल्या असतात, बादली उचलली आणि कमरेत उसण भरली, शिंकलं की बरगडीत चमक. त्यामुळे इथे शब्दाबरोबर ती हालचालसुद्धा सांगायची.

मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा आणि आग, हे चार शब्द आले की बरेचदा नसांचं काहीतरी असतं. हिंजवडीला दिवसभर माउस धरून बसणारे कितीतरी जण म्हणतात हात दुखतो, नीट विचारलं की कळतं की रात्री झिणझिण्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. अशा वेळी कुठली बोटं ते नक्की बघा, अंगठा आणि शेजारची दोन असतील तर मनगटात दाबली जाणारी नस वेगळी, करंगळी असेल तर कोपराकडून येणारी नस वेगळी. "हात" एवढंच सांगितलं तर हा सगळा फरक हरवतो.

आगीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला ते फार भारी वाटतं. मिरची खाल्ली की आपण म्हणतो तोंड भाजलं, जाळ झाला, आणि कोणाला वाटेल की हे नुसतं बोलणं आहे, मिरची काय गरम असते का. पण शरीराच्या हिशोबाने ते अगदी खरं आहे. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस ह्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की मिरचीतलं कॅप्सायसिन नसांच्या टोकावरच्या ज्या दाराला उघडतं तेच दार साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं, २०२१ चं नोबेल त्यांना ह्याच कामासाठी मिळालं, आर्डेम पटापुटियन ह्यांच्याबरोबर. म्हणजे मेंदूला निरोप तोच जातो, मग तोंडातून शब्द तरी दुसरा कसा येणार. म्हणून डायबेटिस असलेले काका "तळपायाची आग होते, रात्री पांघरूण पायावर सहन होत नाही" म्हणाले तर त्याला "पाय दुखतात" करू नका. त्यांना आगच जाणवतीये, बाहेरून पाय गार लागले तरी.

"सारखं" ने संपणारं वाक्य सोन्यासारखं जपा

नुसता शब्द पुरला नाही की माणूस "कशासारखं" ते सांगतो, आणि तो जे आयुष्यभर हातापायांनी करत आलाय त्यातूनच ते येतं. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणतात सुई टोचल्यासारखं. इलेक्ट्रिशियन म्हणतो करंट बसल्यासारखा जातो, कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत, आणि ते ऐकून डॉक्टर लगेच पाय सरळ वर उचलून बघतात. पीएमपीचे ड्रायव्हर म्हणतील क्लच दाबला की गुडघ्यात अडकल्यासारखं होतं. ज्यांच्या तळपायाची जाणीव कमी झालीये ते म्हणतात कापसावर चालल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. वारीत चालून आलेल्या माणसाचे पाय दुखत नाहीत, भरून येतात.

हे वाक्य जसंच्या तसं फोनमध्ये लिहून ठेवा, त्यांच्या शब्दात, स्वतः सुधारून नाही. आणि एक पथ्य पाळा, आपण उपमा सुचवायची नाही. "सुई टोचल्यासारखं होतं का आजी?" असं विचारलं की आजी "हो बाई तसंच" म्हणून टाकते, आपल्याला बरं वाटावं म्हणून, आणि डॉक्टरांसमोर तेच पक्कं होतं. "कशासारखं वाटतं?" म्हणून गप्प बसायचं. थोडा वेळ लागतो, लागू दे.

रोनाल्ड मेलझॅक नावाचे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी हेच केलं. पेशंट दुखण्याबद्दल बोलताना जे शब्द वापरतात ते गोळा केले, गट पाडले, आणि १९७५ साली मॅकगिल विद्यापीठातून एक प्रश्नावली काढली, तिच्यात ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. काही शब्द दुखणं कसं जाणवतं ते सांगणारे, काही ते किती छळतं ते सांगणारे. अजूनही जगभर वापरतात ती. मला सारखं वाटतं की आपल्या ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, हुळहुळ ह्यांची अशी यादी प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावलेली असावी, पेशंटने नुसतं बोट ठेवायचं.

हात बघा

बोलताना माणसाचा हात कुठे जातो ते बघा, तो शब्दाच्या आधी जातो. एका बोटाने नेमकी जागा दाखवली तर दुखणं बहुतेक वरवरचं, स्नायूचं, बरगडीचं. तळहात फिरवत "हे सगळं" म्हणाले तर आतलं, कारण आतल्या अवयवांची जागा मेंदूला नीट सांगता येत नाही. आणि छातीच्या मधोमध मूठ आवळून धरली तर वाट बघत बसायचं नाही, ही खूण डॉक्टर लोक हृदयाच्या दुखण्याची म्हणून ओळखतात.

छातीबद्दल हे पुन्हा लिहिते कारण इथे एका शब्दाने फार फरक पडतो. हृदयाला रक्त कमी पडतंय अशा वेळी पुष्कळ लोकांना "दुखत" नाहीच. ते म्हणतात छातीत भरून आलंय, दडपल्यासारखं होतंय, कोणीतरी छातीवर बसलंय, पट्टा आवळल्यासारखं. आता फोनवर तुम्ही विचारलंत "छातीत दुखतंय का बाबा?" तर बाबा अगदी प्रामाणिकपणे "नाही रे, दुखत नाही, गॅस असेल" म्हणणार, आणि सोडा पिऊन झोपणार. म्हणून प्रश्न असा विचारायचा, "छातीत काय होतंय?" दडपण, भरून येणं, आवळणं ह्यातलं काही, त्यात घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, तर सरळ १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल गाठा, गॅस का हार्ट ते तिथे ठरवतील. हात आणि जबडा का, तर हृदयाच्या आणि त्या भागाच्या नसा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी शिरतात आणि मेंदूची गल्लत होते. बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये तर नुसता दम, मळमळ, हातापायातलं बळ गेल्यासारखं एवढंच असू शकतं.

चक्कर हा शब्द फोडून सांगा

सगळ्यात जास्त घोळ ह्या शब्दात आहे. १९७२ साली ड्रॅकमन आणि हार्ट ह्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी चक्कर येणाऱ्या पेशंटांचे त्यांच्या वर्णनावरून चार गट केले होते, आणि आपल्याकडे ते चारही बोलीत आधीपासून आहेत फक्त आपण सगळ्यांना चक्कर म्हणून मोकळे होतो.

घर गरगर फिरतं, पंखा फिरतो, डोळे मिटले तरी थांबत नाही, ही गरगर, बरेचदा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून येते. कुशीवर वळलं किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की येते आणि मिनिटाच्या आत जाते, असं असेल तर तेवढंच वाक्य डॉक्टरांना सांगा, कानातले बारीक कण जागेवरून सरकल्याने होणारा हा त्रास ते डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून खूपदा तिथेच कमी करतात.

उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी, घाम, आता पडतो की काय, ही भोवळ. ह्यात काही फिरत नाही. बीपीच्या गोळ्या, पाणी कमी पिणं, रक्त कमी असणं असं काही मागे असू शकतं.

डोकं अगदी ठीक आहे पण पाय ठरत नाहीत, झोक जातो, अंधारात भिंत धरावी लागते. ही तोलाची गोष्ट, पायांकडे आणि नसांकडे बघावं लागतं. आणि झोक जाण्याबरोबर बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला तर शब्दबिब्द बाजूला ठेवून निघायचं.

चौथं म्हणजे डोकं हलकं, पोकळ, सुन्न वाटणं, आपण आपल्यातच नाही असं. हे काळजीने, झोप नसल्याने, भराभर श्वास घेतल्यानेही होतं. ते खोटं नसतं हां, "काही नाही, टेन्शन आहे" म्हणून उडवू नका.

पोटात गोळा खरा का म्हणायचा?

टेन्शनवरून आठवलं. काळजीने पोटात गोळा येतो, बातमी ऐकून काळजात धस्स होतं, जीव टांगणीला लागतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात. ह्यांना आपण वाक्प्रचार म्हणून शाळेत पाठ केलं पण ते आले अंगातूनच, भीती वाटली की खरंच लाळ कमी होते, छाती धडधडते, पोट आवळतं. म्हणून मोठी माणसं "मी उदास आहे" असं कधी म्हणत नाहीत. ती म्हणतात जिवाची घालमेल होते, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, अन्न गोड लागत नाही, अंगात त्राण नाही. आपण मग सगळ्या तपासण्या करतो, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात आईला काही झालेलं नाही.

इथे साधा प्रश्न, "हे कधी जास्त होतं?" जिना चढताना होतं का दुपारी घर रिकामं असताना? चालताना येणारं आणि एकटं असताना येणारं, दोन्ही डॉक्टरांना सांगायचं, दोन्ही खरी दुखणी आहेत. आधी शरीराचं तपासून घ्यायचं हे मात्र नक्की, "मनाचं आहे" हा निकालसुद्धा आपण घरी लावायचा नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. कमरेखालचं सगळं "पोट" असतं. "अंगावरून जातं", "उन्हाळी लागलीये", "जागेवर आग होते", "खाली जड जड वाटतं" हे शब्द पुण्यातल्या जुन्या डॉक्टर बाईंना बरोबर कळतात. ते मुलासमोर निघणार नाहीत, त्यामुळे मुलगा घेऊन गेला असेल तर त्याने थोडा वेळ बाहेर थांबावं, आणि शक्य असेल तर सून किंवा लेकीने आदल्या दिवशीच घरी निवांत विचारून घ्यावं.

किती दुखतंय

एक ते दहामध्ये किती, असं हल्ली सगळीकडे विचारतात, म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही, घाबरून पाच म्हणतात. त्यापेक्षा दुखण्याने काय अडतंय ते सांगा. झोपेतून जाग येते का, बोलता बोलता थांबावं लागतं का, मांडी घालून बसता येतं का, वेणी घालायला हात मागे जातो का. दम लागण्याचंही तसंच, "खूप दम लागतो" पेक्षा "गेल्या वर्षी पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढायचे, आता दुसऱ्या मजल्यावर येताना मधे टेकावं लागतं" हे डॉक्टरांना एका सेकंदात कळतं. औषधाने फरक किती पडला हे विचारायला आण्यांचा हिशोब उत्तम, "रुपयात किती आणे बरं आहे?" म्हटलं की आजोबा पटकन सांगतात, "बारा आणे बरंय, चार आणे राहिलंय."

मोठ्या हॉस्पिटलमध्ये तपासणारे शिकाऊ डॉक्टर बाहेरच्या राज्यातले असू शकतात, मराठी जेमतेम येत असतं. तेव्हा घाईने "पेन" करू नका. मूळ शब्द बोला आणि हाताने दाखवा, ठणक्यासाठी मूठ उघडझाप, सणकेसाठी वरून खाली एक झटका, कळेसाठी हळूहळू आवळत नेलेली मूठ. समजतं त्यांना, आणि बहुतेक जण तो शब्द शिकूनही घेतात.

निघायच्या आदल्या रात्री फोनमध्ये पाच-सहा ओळी करून ठेवा, पहिला शब्द कुठला होता, कशासारखं म्हणाले, हात कुठे ठेवला, कशाने वाढतं कशाने कमी होतं, काय करता येईनासं झालंय, आणि चालू गोळ्यांची नावं. आत गेल्यावर आधी पेशंटलाच बोलू द्या, मधे तोंड घालू नका, आणि जे राहिलं तेवढंच त्या ओळींतून वाचून दाखवा.